खेळण्यातला ड्रोन, ब्रशलेस मोटर आणि यवतमाळातला दुरुस्तीचा धंदा



या वेळच्या व्हिडिओत आपण खेळण्यातल्या ड्रोनचा बोर्ड उघडून त्याला ब्रशलेस मोटर जोडायची तयारी केली. व्हिडिओत हात दिसतात, पण हिशोब दिसत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन जवळ घ्या आणि निवांत वाचा.

निकाल आधीच सांगतो. खेळण्यातल्या ड्रोनला ब्रशलेस मोटर बसवून ते विकण्यात पैसा नाही. मग व्हिडिओ का केला? कारण ब्रशलेस मोटरची दुरुस्ती शिकायची यापेक्षा स्वस्त शाळा मला तरी माहीत नाही. आणि त्या दुरुस्तीला आपल्या जिल्ह्यात गिऱ्हाईक तयार होतंय.

यवतमाळात हा विषय कशाला?

२०१७ चा हंगाम आठवा. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, आणि पाठीवर पंप घेऊन त्या दाट पिकात शिरणाऱ्यांच्या अंगावरच औषध उडत होतं. विषबाधेने आपल्या जिल्ह्यात २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले होते. फवारणी करणारा माणूस औषधाच्या फवाऱ्यापासून लांब ठेवता येईल का, हा प्रश्न आपल्याकडे असा जिवावर बेतून आला आहे.

ड्रोन हे त्याचं एक उत्तर आहे. एकमेव नाही, पण आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन, १,२६१ कोटींची तरतूद, आणि किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत. पायलट होणाऱ्या ताईला १५ दिवसांचं प्रशिक्षण.

ही बातमी सगळ्यांनी वाचली. तिच्यातली एक ओळ मात्र फार कमी जणांनी वाचली. ज्यांना विजेच्या वस्तूंची दुरुस्ती, फिटिंग, मेकॅनिकल कामाची आवड आहे अशा गटातल्या दुसऱ्या सदस्याला किंवा घरच्या माणसाला ड्रोन तंत्रज्ञ किंवा सहाय्यक म्हणून शिकवायचं, हेही त्याच योजनेत आहे. म्हणजे उडवणाऱ्या हातासोबत दुरुस्त करणारा हात लागतो, हे सरकारनेही मान्य केलंय.

आता विचार करा. उमरखेडच्या किंवा घाटंजीच्या एखाद्या गटाचा ड्रोन ऐन सप्टेंबरात बसला. कंपनीचं सेंटर पुण्यात असेल तर पाठवायला, तपासायला, परत यायला आठ-दहा दिवस गेले. बोंडअळी आठ दिवस थांबते का? थांबत नाही. शेतकरी पुन्हा पाठीवर पंप घेतो आणि गटाचं बुकिंग जातं. तेव्हा दुरुस्ती हा नुसता धंद्याचा विषय नाही, माणूस फवाऱ्यात पुन्हा जाणार की नाही, हेही त्यावर ठरतं.

ब्रश आणि ब्रशलेस: फरक एका मिनिटात

तुमच्या घरचा बॅटरीवरचा फवारणी पंप घ्या. त्यातली मोटर साधारणपणे ब्रशवाली असते. दोन वायरी, सरळ बॅटरीला लावल्या की फिरते. आत कार्बनचे किंवा धातूचे ब्रश घासत असतात, तेच करंटची दिशा बदलतात. घासतात म्हणून झिजतात.

आता घरातला रिमोटवाला, कमी वीज खाणारा नवा पंखा घ्या. तो ब्रशलेस, म्हणजे बीएलडीसी. ई-रिक्षा आणि ई-स्कूटरची मोटरही याच जातीची असते. तिला तीन वायरी असतात आणि ती सरळ बॅटरीला लावून फिरत नाही. कोणत्या वेळी कोणत्या वायरीत करंट सोडायचा, हे ठरवणारा वेगळा बोर्ड लागतो. ड्रोनमध्ये त्या बोर्डला ईएससी म्हणतात. घासणारं काही नाही, म्हणून आयुष्य जास्त, ताकद जास्त, गरमी कमी.

खेळण्यातल्या ड्रोनमध्ये ७ किंवा ८.५ मिलिमीटर जाडीच्या ब्रशवाल्या मोटरी असतात. काही तास उडवलं की एखादी मोटर दमते, ड्रोन एका बाजूला झुकायला लागतो आणि पोरगं रडत दुकानात येतं. फवारणीच्या मोठ्या ड्रोनमध्ये ब्रशलेसच असतात. छोट्यावरून मोठ्याकडे जायचा पूल म्हणजे हे कन्व्हर्जन.

बोर्डवर नेमकं बदलायचं काय?

खेळण्याच्या बोर्डवर एक मुख्य चिप असते, एक जायरो असतो, आणि प्रत्येक मोटरजवळ तीन पायांचा एक बारका तुकडा असतो. तो मॉस्फेट. हा म्हणजे नळाची तोटी. बॅटरीचा प्लस सरळ मोटरला जातो आणि मायनस या तोटीतून जातो. मुख्य चिप ही तोटी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. जास्त वेळ चालू ठेवली तर मोटर जोरात, कमी वेळ ठेवली तर हळू.

मॉस्फेटचे पाय ओळखायला सर्किटचा नकाशा लागत नाही. बॅटरी काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक पाय बॅटरीच्या मायनसशी बीप देईल. दुसरा मोटरच्या मायनस पॅडशी देईल. उरलेला तिसरा पाय म्हणजे गेट. चिपचा हुकूम याच पायावर येतो आणि आपल्याला तोच पाहिजे.

हॉट एअरने मॉस्फेट काढायचा आणि गेटच्या पॅडवरून एक बारीक वायर बाहेर काढायची. गेट आणि मायनसच्या मध्ये छोटा रेझिस्टर असेल तर त्याला हात लावू नका. बोर्ड चालू होताना सिग्नल शून्यावर राहतो तो त्याच्यामुळे. चार मोटरी, चार वायरी, आणि एक सामाईक ग्राउंड. ग्राउंड विसरलात तर बाकी सगळं बरोबर असूनही मोटरी थरथरतील किंवा हलणारच नाहीत.

इथपर्यंत सोपं आहे. खरी अडचण पुढे.

चिप सांगते 'तोटी ४० टक्के वेळ उघडी ठेव'. साध्या ईएससीला ही भाषा कळत नाही. तिला एक ठोका हवा असतो. १,००० मायक्रोसेकंदांचा ठोका म्हणजे थांब, २,००० चा म्हणजे पूर्ण वेग. शिवाय सुरुवातीला 'थांब' हा ठोका ऐकल्याशिवाय ती जागीच होत नाही. खेळण्याचा बोर्ड थांबलेला असताना काहीच पाठवत नाही, लाइन नुसती शून्यावर असते. ईएससीला वाटतं, समोर कोणी नाहीच. म्हणून नुसती वायर जोडून काम होत नाही.

तीन रस्ते

पहिला रस्ता: टक्क्यांची भाषा कळणारी ईएससी शोधायची. छोट्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरची ब्रशवाली मोटर काढून ब्रशलेस बसवणाऱ्या हौशी लोकांसाठी बीएलहेली नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ही सोय सेटिंगमधून चालू करता येते. आजच्या बहुतेक नव्या ईएससींमध्ये ती नसते. घेण्याआधी दुकानदाराला स्पष्ट विचारा, 'चालून जाईल' या उत्तरावर पैसे देऊ नका.

दुसरा रस्ता: मध्ये दुभाषा बसवायचा. आर्डुइनो नॅनोसारखा छोटा बोर्ड चार गेट वायरी वाचतो आणि चार ईएससींना त्यांच्या भाषेत ठोके देतो. टेबलावर शिकायला याच्यासारखं काही नाही, कारण दोन्ही भाषा तुम्हाला स्वतः समजून घ्याव्या लागतात. पण भाषांतराला वेळ जातो, आणि हवेत तोल सांभाळताना तो उशीर जाणवतो. हा रस्ता अभ्यासाचा समजा.

तिसरा रस्ता: बोर्डवर एसटीएम३२ चिप असेल आणि त्यावर बीटाफ्लाइटसारखं खुलं सॉफ्टवेअर चालत असेल, तर मोटरच्या भाषेचं सेटिंगच बदलायचं. 'ब्रश्ड' काढून ईएससीला कळणारी भाषा निवडायची. हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. पण बाजारातल्या स्वस्त खेळण्यांमध्ये अशी चिप असेलच असं नाही. ब्रशवाल्या छोट्या ड्रोनसाठी वेगळे विकले जाणारे बोर्ड मिळतात, त्यातून बघा.

हात पोळतात त्या चार जागा

१. व्होल्टेज. खेळण्याचा बोर्ड एका सेलवर चालतो, पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट. तुम्ही ताकदीसाठी दोन सेल लावले तर ८.४ व्होल्ट होतात आणि बोर्ड जळतो. दोन सेल लावायचेच असतील तर ईएससींना बॅटरी सरळ द्या, आणि बोर्डला चार व्होल्टच्या आसपास सेट केलेल्या छोट्या बक कन्व्हर्टरमधून द्या. मग बोर्डला खरी बॅटरी दिसत नाही, त्यामुळे त्याची 'बॅटरी कमी' ही सूचनाही निरुपयोगी होते. वेगळा अलार्म लावा.

२. करंट. बॅटरीवर ३०० एमएएच आणि ३० सी लिहिलंय. ०.३ गुणिले ३० म्हणजे ९ अँपिअर, तेही कागदावर. चार मोटरी प्रत्येकी ३ अँपिअर मागत असतील तर झाले १२. मागणी जास्त, पुरवठा कमी. व्होल्टेज खाली येतो, बोर्ड रीसेट होतो आणि ड्रोन दगडासारखा पडतो. लोक म्हणतात 'बोर्ड खराब निघाला'. बोर्ड ठीक असतो, हिशोब चुकलेला असतो.

३. दिशा. चारपैकी दोन मोटरी घड्याळाच्या दिशेने आणि दोन उलट फिरल्या पाहिजेत. ब्रशलेस मोटर उलट फिरतेय? तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा, दिशा बदलते. आणि हे तपासताना पंखे काढलेलेच पाहिजेत. बोट छोटं असो की मोठं, पंखा फरक करत नाही.

४. थरथर. ब्रशलेस मोटर हुकूम मिळताच उडी मारते. खेळण्याचा बोर्ड मात्र सुस्त मोटर डोक्यात ठेवून बनवलेला असतो. तो थोडा झुकाव दिसला की जोरात सावरतो, मोटर जास्तच सावरते, मग उलट झुकाव, पुन्हा सावरणं. ड्रोन हवेत थरथरतो. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये पी-आय-डीचे आकडे कमी करून हे आवरता येतं. बंद सॉफ्टवेअरच्या खेळण्यात ते आकडे तुमच्या हातात नसतात. छोटे पंखे लावणं किंवा ईएससीत वेगाला मर्यादा घालणं एवढंच उरतं. म्हणून उडवायचं असेल तर तिसरा रस्ता, शिकायचं असेल तर कोणताही.

आणि एक न मोडायचा नियम. लिथियम पॉलिमर बॅटरी चार्जिंगला लावून जेवायला जायचं नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. टेबलाजवळ कोरड्या रेतीची बादली ठेवा.

आता धंद्याचा हिशोब

खालचे आकडे समजून घेण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या बाजारातले भाव विचारून स्वतःचे टाका.

समजा चार मोटरी २,००० रुपये, चार ईएससी २,०००, बॅटरी आणि पंखे ८००. माल झाला ४,८००. तुमचे पाच तास, तासाला १५० धरले तर ७५०. एकूण ५,५५०, यात अजून नफा नाही. गिऱ्हाइकाचं मूळ खेळणं दीड हजाराचं. तो कशाला देईल? शिवाय फ्लाइट कंट्रोलर आणि चारही ईएससी एकाच बोर्डवर असलेले तयार बोर्ड मिळतात. ते घेणारा तुमच्यापेक्षा कमी वेळात, कमी वजनाचा ड्रोन जोडेल. म्हणजे 'कन्व्हर्जन करून मिळेल' असा बोर्ड दुकानावर लावू नका.

मग ते ४,८०० रुपये बुडाले का? ही फी समजा. या फीमध्ये तुम्ही काय शिकलात ते लिहून काढा:

- मॉस्फेट ओळखणं, काढणं, बसवणं
- गेटवरचा सिग्नल मल्टिमीटरने तपासणं
- ईएससीला सिग्नल मिळतोय की नाही, हे ठरवणं
- तीन वायरींची मोटर तपासणं, दिशा बदलणं
- बॅटरीची ताकद आणि मोटरची मागणी यांचा मेळ घालणं

आता दारव्ह्यात किंवा पांढरकवड्यात तुमचं मोबाईल नाहीतर पंखे दुरुस्तीचं दुकान आहे असं धरा. याच पाच गोष्टींवर उद्यापासून काय काम येऊ शकतं? बीएलडीसी पंख्याचा बोर्ड. ई-स्कूटरचा कंट्रोलर. बॅटरीवरचा फवारणी पंप. खेळण्यातल्या ड्रोनची मोटर बदलणं. आणि हंगामात फवारणी ड्रोनची प्राथमिक तपासणी. ड्रोनचं काम चार महिन्यांचं असेल, पण पंखा आणि स्कूटर वर्षभर आहेत. एका पिकावर शेत चालत नाही, तसं एका यंत्रावर दुकान चालत नाही.

मोठ्या ड्रोनवर हे कसं लागू होतं?

फवारणी ड्रोनची एक मोटर फिरत नाही, अशी तक्रार आली. घाबरायचं नाही. खेळण्यावर जे केलं तेच क्रमाने विचारायचं. बॅटरीचा पुरवठा ईएससीपर्यंत पोचतोय का? सिग्नल येतोय का? ईएससी जिवंत आहे का? मोटर हाताने मोकळी फिरते का, तिन्ही वायरी अखंड आहेत का? चार जागा, चार प्रश्न. दोष यातल्या एका ठिकाणी बहुतेक वेळा सापडतो. शिवाय औषध आणि धूळ कनेक्टरमध्ये जाऊन गंज धरतो, म्हणून सुरुवात नेहमी सफाईने करा. हातमोजे घालून करा, त्या ड्रोनला औषध लागलेलं असतं.

पण एक रेषा ओलांडायची नाही. फवारणी ड्रोनला सरकारी टाइप सर्टिफिकेट असतं. त्यात मनाने मोटर, ईएससी किंवा सॉफ्टवेअर बदलायचं नाही. खेळण्यावर जुगाड म्हणजे शिक्षण, गटाच्या लाखो रुपयांच्या ड्रोनवर जुगाड म्हणजे गटाची वॉरंटी, विमा आणि कोणाचं तरी डोकं धोक्यात. दोष शोधा, लिहून द्या, कंपनीशी बोला, कंपनीचाच पार्ट बसवा. आणि हळूहळू त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर व्हायचा प्रयत्न करा. यवतमाळहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. ते अंतर वाचवणं हीच तुमची किंमत.

कायद्याचं थोडक्यात

- ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो'. तो उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. तुमचा सरावाचा ड्रोन वजनकाट्यावर ठेवा आणि या आतच राहू द्या.
- फवारणी ड्रोन साधारणपणे २ ते २५ किलोच्या 'स्मॉल' वर्गात किंवा त्याच्या पुढे जातो. तिथे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. दुरुस्तीनंतरची चाचणीही सर्टिफिकेटवाल्या ताईकडूनच करून घ्या.
- फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. म्हणून पार्ट मिळतात, पण पक्कं बिल घ्या.
- सराव बंद हॉलमध्ये किंवा मोकळ्या खोलीत करा. बाहेर उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा कोणत्या झोनमध्ये येते ते बघा.

तीन महिन्यांचा आराखडा

पहिला महिना: दोन बंद पडलेली खेळणी भंगाराच्या भावात आणा. मॉस्फेट ओळखा, काढा, परत बसवा. दहा वेळा. उडवायची घाई नको.

दुसरा महिना: एकच ब्रशलेस मोटर आणि एकच ईएससी घ्या. चारचा सेट लगेच घेऊ नका. गेटचा सिग्नल, दुभाषा बोर्ड, ठोका, दिशा, सगळं एका मोटरवर शिका. चुकलं तर एकच जळेल.

तिसरा महिना: एक पूर्ण ड्रोन तयार करा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तालुक्यात फिरा. कोणत्या बचत गटाकडे, कोणत्या शेतकरी कंपनीकडे ड्रोन आहे? कोणत्या कंपनीचा? मागच्या हंगामात किती दिवस बंद होता? कशामुळे? यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा. हे प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, पायपीट लागते.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा: माझ्या गावात तीन वायरींची मोटर असलेली यंत्रं कोणती, ती बिघडली तर आज कुठे जातात, आणि परत यायला किती दिवस लागतात. किमान दहा यंत्रं लिहा. तिसऱ्या रकान्यात जिथे सगळ्यात मोठा आकडा येईल, तिथून तुमचं दुकान सुरू होतं.

पुढच्या व्हिडिओत बीएलडीसी पंख्याचा बोर्ड उघडू. तोवर सोल्डरिंगचा हात बसवा, आणि पंखे काढल्याशिवाय बॅटरी जोडू नका!